शाई, पत्रा आणि खालची सही

भाद्रपदात गौरी घरी येतात तेव्हा बेळगावजवळच्या कडोलीसारख्या गावात उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावले उमटतात. घरातली बाई वाटीत तांदळाचे पीठ कालवते, मूठ वळते, करंगळीकडची कड पिठात बुडवून जमिनीवर हलकेच दाबते. पाऊल तयार. मग बोटाच्या टोकाने वर पाच ठिपके. दुसऱ्या पावलासाठी दुसरी मूठ. कुंचला नाही, पेन्सिल नाही. शाईच्या जागी पीठ, ठशाच्या जागी मूठ, कागदाच्या जागी शेणाने सारवलेली जमीन किंवा आता फरशी. नव्या सुनेच्या कुंकवाने भिजलेल्या पंजाचा भिंतीवरचा ठसा, बाजारात मिळणारे रांगोळीचे भोके पाडलेले पत्र्याचे छाप, हे सगळे त्याच कुळातले. चित्र काढायचे नाही, उमटवायचे, ही गोष्ट आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवावी लागलेली नाही.

म्हणून या बाईला मुद्राचित्रकार म्हणून टाकावे, असा मोह काही समीक्षकांना होतो. तो आवरलेला बरा. गौरीची पावले तिसऱ्या दिवशी पुसली जातात आणि त्याखाली कुणाची सही नसते, तशी अपेक्षाही नसते. ही प्रस्तावना ज्या स्त्रियांविषयी आहे त्यांनी जस्ताचा पत्रा, लाकडाची फळी, लिनोलियम, शिळाछपाईचा दगड ही माध्यमे जाणूनबुजून निवडली, त्यांवर वर्षानुवर्षे राबल्या आणि प्रत्येक छापाखाली शिसपेन्सिलीने आपले नाव लिहिले. त्या नावापर्यंत पोचायला बाईला फार वेळ लागला. का लागला, हा या विषयाचा गाभा आहे.

मुद्राचित्र म्हणजे छापील चित्र खरे, पण कॅलेंडरसारखे नव्हे. कलावंत स्वतः ठसा घडवते, स्वतः शाई लावते, स्वतः दाब देऊन कागदावर उतरवते. दहा, पंधरा, पंचवीस अशा मोजक्या प्रती निघतात. डाव्या कोपऱ्यात ३/१५ असा आकडा असतो, म्हणजे पंधरांतली तिसरी प्रत, उजवीकडे सही. यातली प्रत्येक प्रत मूळ चित्रच असते. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला हे पटवणे अजूनही अवघड जाते. ‘छापील आहे ना, मग एवढी किंमत कशाला?’ हा प्रश्न प्रत्येक मुद्राचित्रकाराने ऐकलेला असतो.

गंमत अशी की मराठी घरांत छापील चित्र आले तेच मुळी बाईचे रूप घेऊन. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला, प्लेगच्या दिवसांत तो १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तिथल्या शिळांवरून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या देव्हाऱ्यांवर जाऊन बसल्या. त्याआधी १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी पुण्यात चित्रशाळा काढली होती. तिच्या रंगीत चित्रांनीही मराठी भिंती भरल्या. एकेका रंगासाठी वेगळा दगड, दगड घासायला माणसे, यंत्र फिरवायला माणसे. मळवलीच्या छापखान्यात दादासाहेब फाळक्यांनीही काम केले. या उद्योगाच्या इतिहासात आठवतात ती नावे पुरुषांची. बाई चित्रात, पुरुष यंत्रापाशी, अशी ती वाटणी होती आणि ती कुणाला खटकल्याचे दिसत नाही.

बाई चित्रकार व्हायची ती बहुधा घरातूनच. मूळ कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये नावाजले. त्यांची मुलगी अंबिका १९३१ साली तिथूनच पदविका घेऊन बाहेर पडली. वडिलांच्या घरी रंग होते, कागद होता, वेळ होता. पण रंगपेटी घरात ठेवता येते तसे दाबयंत्र ठेवता येत नाही.

या विषयाची सगळी अडचण तिथे आहे. एचिंगचे उदाहरण घ्या. जस्ताच्या पत्र्याच्या कडा कानशीने घासून उतरत्या करायच्या, नाहीतर कागद फाटतो. पत्रा खडूच्या पुडीने चोळून तेलकटपणा घालवायचा. वर मेणाचा पातळ थर चढवायचा, तो दिव्याच्या काजळीने काळा करायचा आणि सुईने चित्र ओरखडायचे; जिथे सुई फिरते तिथे जस्त चमकते. मग पत्रा नायट्रिक ॲसिडच्या पाण्यात. उघड्या रेघांवर बुडबुडे धरतात, ते पक्ष्याच्या पिसाने हलकेच बाजूला सारायचे. रेघ किती खोल जाणार हे घड्याळ ठरवते: दोन मिनिटांची रेघ नाजूक, वीस मिनिटांची जाड. नंतर थर धुऊन काढायचा, शाई खाचांत दाबून भरायची, वरची शाई जाळीदार कडक कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसायची, ओलसर कागद ठेवायचा, वर नमद्याची जाड घोंगडी आणि मग यंत्राचे चाक फिरवायचे. कागद उचलला की चित्र उलटे: डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. हे सगळे स्वयंपाकघराच्या ओट्यावर, रांगत्या मुलाशेजारी, ॲसिडच्या वाफेत करता येत नाही. जागा लागते, यंत्र लागते आणि ते दोन्ही आपल्यासाठी खुले असावे लागते.

म्हणूनच जगभरच्या स्त्री मुद्राचित्रकारांचा मागोवा घेतला तर तो प्रतिभेच्या नकाशापेक्षा कार्यशाळांच्या नकाशासारखा दिसतो. सोळाव्या शतकात इटलीतल्या मांतुआची डायना स्कुल्तोरी तांब्यावर कोरायला शिकली ती कोरक्याच्या घरात जन्मली म्हणून. १५७५ साली तिला आपले छाप स्वतःच्या नावाने विकण्याची परवानगी खुद्द पोपकडून मिळाली. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, १९२७ साली, स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रजाने पॅरिसमध्ये एक कार्यशाळा काढली. पुढे ती ‘आतलिए १७’ म्हणून ओळखली गेली. दुसऱ्या महायुद्धामुळे ती न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिथे काम करणाऱ्यांत नव्वदहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांत लुईस बूर्ज्वा होती, लुईस नेव्हेल्सन होती. हेटरकडे एकाच यंत्राभोवती सगळे काम करत आणि कुणी कुणाची परवानगी मागत नसे. युद्धानंतर पॅरिसला परतलेल्या याच कार्यशाळेत पुढे आपले कृष्णा रेड्डी सहसंचालक झाले. भारतीय मुद्राचित्रणाची अर्धीअधिक वाट या एका पत्त्यावरून जाते.

त्या वाटेवरचे मराठी मुलखाशी जोडलेले पहिले मोठे नाव देवयानी कृष्ण यांचे. त्या इंदूरच्या. होळकरांच्या त्या शहरात दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी चित्रकलेचे शिक्षण असे उभे केले की तिथून ना. श्री. बेंद्रे निघाले, मकबूल फिदा हुसेन निघाले आणि देवयानीही निघाल्या. पहिल्या दोघांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. तिसरे सांगितले की ऐकणारा थबकतो. देवयानी पुढे मुंबईला जे. जे.मध्ये शिकल्या, चित्रकार कंवल कृष्ण यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि दोघे सिक्कीम-तिबेटच्या डोंगरांत हिंडले. तिथले मुखवटे, मंत्र, मठांच्या भिंती देवयानींच्या डोक्यातून कधी गेल्या नाहीत. दोघेही दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये शिकवायला लागले. त्या काळी दिल्लीत रंगीत इंटाग्लिओचे, म्हणजे पत्र्याच्या खाचांत शाई भरून छापण्याचे, प्रयोग सुरू झाले ते बऱ्याच अंशी या दांपत्यामुळे. देवयानींनी पत्र्यावर ओम कोरला, ‘अल्लाह’ या अक्षरांची मालिका केली, बाटिकचे काम केले, खेळणी घडवली. त्यांच्या छापांत रंग एकावर एक साचत जातात आणि कागदाला उठाव येतो, बोट फिरवावेसे वाटते. शाळेत शिकवणारी बाई म्हणून त्यांची नोंद हलक्या हाताने झाली. हा अन्याय मराठी कलालेखनानेही केला आहे, दिल्लीने एकटीने नव्हे.

शाळेत शिकवणे हे या कहाणीत पुन्हा पुन्हा येते, कारण पगार तिथेच होता.

ललिता लाजमी यांचेच पाहा. जन्म कोलकात्यात, १७ ऑक्टोबर १९३२. घर चित्रापूर सारस्वतांचे, पदुकोणांचे. थोरला भाऊ गुरुदत्त. काका बी. बी. बेनेगल यांनी लहानपणी रंगपेटी हातात दिली. लग्न लवकर झाले, मुले झाली, मुंबईच्या शाळांत चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी वर्षानुवर्षे केली. चाळिशी ओलांडल्यावर, १९७३ ते १९७६ या काळात, त्या जे. जे.च्या संध्याकाळच्या वर्गात एचिंग शिकल्या. दिवसभर शाळा, मग घर, मग वर्ग. त्यांच्या एचिंगमधली माणसे एकमेकांजवळ बसलेली असतात पण एकमेकांकडे पाहत नाहीत. आई आणि मुलगी, नवरा आणि बायको, मुखवटा हातात धरलेला विदूषक. काळ्या-करड्या छटांत चेहरे अर्धे बुडालेले. भावाच्या सिनेमातल्या उजेड-अंधाराशी लोक त्याचे नाते जोडतात, ते असेल. पण ॲक्वाटिंट नावाच्या पद्धतीत राळेची बारीक पूड पत्र्यावर भाजून जो दाणेदार काळोख मिळतो, त्याचेही हे देणे आहे. तो काळोख जलरंगात मिळत नाही. संध्याकाळचा तो वर्ग नसता तर ललिता लाजमी जलरंगातल्या चांगल्या चित्रकार राहिल्या असत्या आणि आपण एका मोठ्या मुद्राचित्रकाराला मुकलो असतो. ‘तारे जमीन पर’ या चित्रपटात चित्रस्पर्धेच्या प्रसंगात दिसणाऱ्या त्या वृद्ध चित्रकार म्हणजे याच. त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०२३च्या जानेवारीत सुरू झाले. १३ फेब्रुवारीला, वयाची नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या वाचकाने मात्र ज्या एका छापासमोर थांबावे तो मराठी बाईचा नाही. झरीना हाश्मी १९३७ साली अलिगढला जन्मल्या, गणित शिकल्या, हेटरच्या कार्यशाळेत एचिंग आणि टोकियोत लाकडी ठसा शिकल्या, न्यूयॉर्कमध्ये राहिल्या, २०२० साली लंडनमध्ये वारल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले आणि घर हा शब्द त्यांच्यासाठी कायमचा दुखरा झाला. १९९९ साली त्यांनी ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही छत्तीस काष्ठछापांची मालिका केली, प्रत्येकात एक उर्दू शब्द. २००१ सालचा ‘डिव्हायडिंग लाइन’ हा छाप तर अगदी साधा: पांढऱ्या कागदावर वरून खाली वळसे घेत गेलेली एक काळी रेघ. भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली. ही रेघ त्यांनी कोरलेली नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड त्यांनी खरवडून काढले, देशच्या देश खरवडले, आणि मधली रेघ तेवढी उभी ठेवली. खरवडताना राहिलेले कपचे कागदावर बारीक काळ्या ठिपक्यांनी उमटले आहेत. सरहद्द आखली म्हणजे काय केले, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे चित्र आपल्या उपखंडात शोधावे लागेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आखलेली राज्यांची रेघ आणि फाळणीची रेघ यांची बरोबरी कुणी करू नये. तिकडे रक्ताचे पाट वाहिले. पण कडोलीच्या माणसाला रेघ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सीमावादावरचा महाजन आयोग, आंदोलने, २००४पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे सगळे इथल्या तीन पिढ्यांच्या जेवणाच्या ताटाजवळ बोलले गेलेले विषय आहेत. बेळगावपासून जवळच्या या बटाट्या-रताळ्यांच्या गावाने दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवून त्या रेघेला आपले उत्तर दिले. उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कुद्रेमनी इथेही संमेलने भरतात. उत्तर शब्दांत आले. चित्रात फारसे आले नाही. बेळगावला चित्रकार कमी नव्हते: के. बी. कुलकर्ण्यांच्या चित्रमंदिरात पिढ्या घडल्या, रवी परांजपे तिथूनच निघाले. पण ती परंपरा व्यक्तिचित्राची आणि निसर्गचित्राची. ठशाची नव्हे.

आणि ठसा हे तर चळवळीचे माध्यम. बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर नवऱ्याबरोबर राहणाऱ्या केथे कोल्विट्झने १८९३ ते १८९७ या काळात विणकरांच्या उठावावर सहा छापांची मालिका केली: तीन शिळाछाप, तीन एचिंग. परीक्षकांनी तिला सुवर्णपदक द्यावे असे सुचवले आणि जर्मनीच्या सम्राटाने ते रोखले. पुढे १९१४ साली तिचा धाकटा मुलगा पीटर युद्धात मेला. त्या दुःखाला तिने लाकडात कोरले, सात छाप, त्यांत रणांगण कुठेच नाही. आहेत त्या मुलांना पोटाशी धरून उभ्या राहिलेल्या आया. इचलकरंजीचे माग, बेळगावच्या वडगाव-खासबागचे विणकर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी यांच्यापासून कोल्विट्झ वाटते तितकी दूर नाही. निपाणीच्या वखारींतल्या बायकांचा लढा ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली पडद्यावर आणला. नाकातोंडात तंबाखूची धूळ जाणाऱ्या त्या बायकांची एखादी लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेली, मालिका त्याच वेळी निघाली असती, भिंतीभिंतींवर डकवली गेली असती, तर सीमाभागाच्या दृश्यस्मृतीत आज केवळ मोर्च्यांची छायाचित्रे नसती. हे काही स्वप्नरंजन नव्हे. मुंबईत नवज्योत आणि अल्ताफ या चित्रकारांनी सत्तरच्या दशकात तरुणांच्या डाव्या चळवळीसाठी रेशीमपडद्यावरून पोस्टर छापली होती आणि अमेरिकेतून मेक्सिकोत गेलेल्या एलिझाबेथ कॅटलेटने कष्टकरी काळ्या बायकांचे लिनोकट १९४६-४७ सालीच केले होते. लिनोला ॲसिड लागत नाही, यंत्रही लागत नाही.

बाकीच्यांची ओळख पुढच्या पानांत सविस्तर येईल, इथे धावती. मुद्राचित्रकार मुकुल डे यांची बहीण राणी चंदा यांनी शांतिनिकेतनात लिनोकट केले. दिल्लीच्या अनुपम सूद, जन्म १९४४, लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकल्या आणि दिल्लीच्या कला महाविद्यालयात पंचवीसेक वर्षे शिकवत राहिल्या. त्यांच्या १९८२ सालच्या ‘ऑफ वॉल्स’मध्ये भिंतीपाशी बसलेल्या बाईच्या चेहऱ्याच्या जागी पोकळी आहे, आणि ती पोकळी विसरता येत नाही. गायकवाडांच्या बडोद्याने तर या विषयात सगळ्यांना मागे टाकले. तिथल्या नैना दलाल पुठ्ठा, चिंध्या, दोरे चिकटवून त्यावरूनच छाप काढतात. बंगालमधून आलेल्या रिनी धुमाळ तिथे शिकल्या, पॅरिसला हेटर आणि रेड्डींकडे जाऊन आल्या, परतून शिकवत राहिल्या आणि २०२१ साली गेल्या. त्यांच्या देवी मोठ्या डोळ्यांच्या, थोड्या रागीट. १९९९ साली कविता शाह, गुलाममोहम्मद शेख आणि विजय बागोडी यांनी बडोद्यात ‘छाप’ ही कार्यशाळा काढली. पदवी घेऊन महाविद्यालयाबाहेर पडलेल्या मुलीला यंत्र कुठे मिळणार, याचे हे थेट उत्तर होते.

महाराष्ट्राजवळ असे उत्तर पुरेसे नाही, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. कला महाविद्यालयातून मुद्राचित्रण शिकून दरवर्षी मुली बाहेर पडतात. पुढे काय? एचिंगचे यंत्र महाग, ते ठेवायला तळमजल्याची जागा हवी, ॲसिडची व्यवस्था हवी. मग ती रंगवायला लागते, शाळेत लागते किंवा संगणकावर जाहिराती करते. तिची चिकाटी कमी पडली असे म्हणणे सोपे असते. ललित कला अकादमीने २०१८ साली पहिले मुद्राचित्र द्वैवार्षिक भरवले, तेही दिल्लीत. अशा प्रदर्शनांतून माध्यमाला मान मिळतो हे खरे. यंत्र मात्र मिळत नाही.

कडोली, निपाणी, खानापूर इथल्या शाळांनी, वाचनालयांनी आणि संमेलनाच्या कार्यकर्त्यांनी यंत्राची वाट पाहत बसू नये. लिनोचा तुकडा, कोरायची चार पाती, एक रोलर, शाईची ट्यूब आणि कागद घासायला घरातली पळी एवढ्या सामानावर वर्ग सुरू होतो. आठवी-नववीच्या मुलींना त्यांच्या शेतातली रताळ्याची काढणी, आजीचे हात, एसटीचा थांबा कोरायला सांगावे. आणि संमेलनाच्या पुढच्या निमंत्रणपत्रिकेचे मुखपृष्ठ फ्लेक्सवाल्याच्या तयार चित्रावरून न करता त्यांतल्याच एखादीच्या लिनोकटवरून छापावे, खाली तिचे पूर्ण नाव घालावे, एवढी विनंती.